गर्दीच्या शहरात सायकल चालवायची तरी कुठे?

रिमझिम (धागाकर्ती):
नमस्कार मंडळी.
पंधरा-सोळा वर्षांनी सायकल घेतली. चार महिने झाले आणि ती एकूण पाच वेळा बाहेर पडली. पाचव्या वेळी एक बस इतकी खेटून गेली की तिच्या वाऱ्याने हँडल हललं. पडले नाही, पण उरलेला रस्ता सायकल हातात धरून चालत आले. तेव्हापासून ती जिन्याखाली उभी आहे आणि येणारे-जाणारे तिच्या कॅरियरवर ओल्या छत्र्या टाकतात.
मला शर्यती जिंकायच्या नाहीत. आठवड्यातून तीन-चार दिवस आठ-दहा किलोमीटर, आणि रविवारी दहा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन, एवढंच. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'अमुक तलावाला चक्कर मारा' यावर संपेल. मला जागेचं नाव नको, जागा शोधायची रीत हवी. तुम्ही कसं शोधलंत?

पहाटवारा:
सोप्पं आहे. पहाटे पाचला निघा. रस्ता आपल्या तीर्थरूपांचा. सातच्या आत घरात.

ब्रेकफेल:
पहाटवारा, मीही दोन वर्षं हेच केलं, आता नाही करत. पाचला रस्ता रिकामा असतो हे खरं, पण रिकाम्या रस्त्यावर गाड्या कशा धावतात ते बघितलंय का? दिवसा रेंगाळणारा मोठा रस्ता पहाटे धावपट्टी होतो. त्यात रात्रभर गाडी हाकून डुलक्या घेणारे आणि पार्टी आटपून परतणारे, दोघांचीही हीच वेळ. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. सायकलवाल्याच्या जिवावर गर्दीपेक्षा वेग जास्त उठतो. गल्लीबोळात पहाट उत्तम, हमरस्त्यावर नाही.

पहाटवारा:
मुद्दा मान्य. मी गल्ल्यांतूनच जातो, ते लिहायचं राहिलं.

तिरपागडा:
आमच्या इथे सायकल ट्रॅक आहे की. त्यावर चारचाकी उभ्या असतात, एका टोकाला वाळूचा ढीग आहे आणि मधोमध विजेचा खांब. सायकल सोडून सगळ्यांची सोय झालेली आहे.

नकाशेवाला:
रिमझिमताई, रीत विचारलीत म्हणून जरा लांबण लावतो.

घर मध्ये धरून तीन किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यातले मोठे रस्ते लाल पेनाने गिरवा. ज्यावरून बस धावते, ज्याला दुभाजक आहे, जिथे नुसतं चालतानाही तुम्ही पर्स आवळून धरता, ते सगळे लाल. आता लाल रेघांच्या मधे जे तुकडे उरले ती तुमची बेटं. बेटाच्या आत सायकल चालवणं बहुतेक शहरांत कठीण नसतंच. कठीण असतं एका बेटावरून दुसऱ्यावर जाणं. म्हणून आधी रस्ते शोधू नका, लाल रेघ ओलांडायच्या जागा शोधा: सिग्नल, पुलाखालची वाट, रेल्वेखालचा बोगदा, पादचाऱ्यांचा पूल, शाळेसमोरचं क्रॉसिंग. अशा दोन-तीन जागा सापडल्या की बेटं जोडली जातात आणि त्यातून मार्ग आपोआप दिसायला लागतो.

ही माझी अक्कल नव्हे. अमेरिकेतल्या सॅन होजेच्या मिनेटा ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूटने २०१२ साली एक अहवाल काढला होता. त्यात रस्त्यांना सायकलवाल्यावर येणाऱ्या ताणाप्रमाणे चार पायऱ्या दिल्यात. पहिली म्हणजे मुलालाही झेपेल अशी, चौथी फक्त निडर लोकांसाठी. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी: मार्गाची पायरी सरासरीने ठरत नाही, त्यातल्या सर्वांत वाईट तुकड्याने ठरते. नऊ किलोमीटर झाडांच्या सावलीतून गेलात आणि मधे तीनशे मीटर ट्रकांच्या रांगेतून, तर तो मार्ग ट्रकांचाच. तुमची सायकल जिन्याखाली गेली ती अशाच तीनशे मीटरमुळे, पैज लावतो.

रिमझिम:
पैज जिंकलात. पुलाचा चढ. तीनशेसुद्धा नसेल.

शंकासुर:
पण नकाशा कुठला वापरायचा? फोनवरच्या नकाशाला मी 'सायकलने ने' म्हटलं, त्याने मला एका जिन्यापाशी आणून सोडलं. अठ्ठेचाळीस पायऱ्या. खांद्यावर सायकल घेऊन मोजल्यात.

नकाशेवाला:
शंकासुर, एकाच नकाशावर भिस्त ठेवली की असं होतं. ओपनस्ट्रीटमॅपवर सायक्लओएसएम नावाचा वेगळा थर आहे, सायकलसाठी काढलेला. छोट्या पायवाटा, सायकलमार्ग, कच्चा-पक्का रस्ता हे त्यात रंगांनी-रेघांनी दाखवलेलं असतं. फक्त तो स्वयंसेवकांनी भरलेला नकाशा आहे, तुमच्या भागात कुणी हौशी नसेल तर कोरा असणार. मग उपग्रहाचं चित्र उघडा. दोन वसाहतींमधली भिंत कुठे फुटलीय, नाल्याकडेने वाट आहे का, बंद दिसणारी गल्ली खरंच बंद आहे की फक्त गाड्यांना बंद आहे, हे त्यात दिसतं. गाड्यांना बंद आणि सायकलला उघडी गल्ली सापडली तर लॉटरी लागली समजा.

स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपचा हीटमॅप, म्हणजे कुठून किती जण जातात ते दाखवणारा नकाशा, लोक सुचवतील. बघा जरूर, पण त्यात जी रेघ झळाळते तिथून पुष्कळ सायकली जातात एवढाच तिचा अर्थ. आणि ॲपमध्ये नोंद ठेवणारे बरेचसे वेगवाले असतात. त्यांना सलग, सिग्नल नसलेला रुंद रस्ता आवडतो. तुम्हाला नेमका तोच नकोय.

मावशी६२:
नकाशे वगैरे ठीक आहे, पण मुलांनो, एकदा पायी जा. मी साठीनंतर पुन्हा सायकल धरली. प्रत्येक नवा रस्ता आधी चालून बघते, आणि ज्या वेळी सायकल नेणार त्याच वेळी. दुपारी दोनला शांत असलेली गल्ली शाळा सुटताना रणांगण असते. भाजीचे हातगाडे सकाळी नसतात, संध्याकाळी अर्धा रस्ता त्यांचा. चालताना तीन गोष्टी बघायच्या: गाड्या कुठून बाहेर येतात, ड्रेनेजच्या जाळ्यांच्या फटी कुठल्या दिशेने आहेत (आपल्या चाकाच्या दिशेने असल्या तर पुढचं चाक आत गेलंच म्हणून समजा), आणि कुत्री कुठे बसतात.

कुत्र्यांचं सांगते. पळायचं नाही. उतरायचं, सायकल त्यांच्या आणि आपल्या मधे धरायची आणि चालायला लागायचं. चाकं फिरायची थांबली की बऱ्याचदा त्यांचा रस संपतो.

अवांतरकर:
मावशी, दंडवत. अवांतर: ट्रामचे किंवा रेल्वेचे रूळ रस्त्यात असतील तर तेही जाळीसारखेच. जमेल तितकं काटकोनात ओलांडायचं, आणि ओले असतील तर रुळावर ना ब्रेक ना वळण. माझं डावं कोपर याला साक्षी आहे.

ब्रेकफेल:
जागा शोधाच, पण रस्त्यावर आपण उभे कुठे राहतो यावरही निम्मं अवलंबून असतं. नवीन माणूस घाबरून अगदी कडेला चिकटतो. तिथे कचरा, खड्डे, आणि उभ्या गाड्यांची उघडणारी दारं. दार उघडलं तर ते जवळजवळ मीटरभर बाहेर येतं, म्हणून उभ्या गाड्यांपासून तेवढं अंतर ठेवायचंच. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. ज्याने आपल्याला बघून हॉर्न वाजवला त्याने निदान आपल्याला बघितलं तरी.

गाडीत बसणाऱ्यांसाठी: दाराकडचा हात सोडून दुसऱ्या हाताने दार उघडा. अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते. याला 'डच रीच' म्हणतात आणि २०२२ पासून ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही ही सूचना आहे. घरच्यांना शिकवा, फुकट आहे.

आणि सिग्नलला ट्रक किंवा बसच्या शेजारी कधी, कधी म्हणजे कधीच उभं राहायचं नाही. वळताना त्यांची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आत येतात आणि ड्रायव्हरला ती बाजू दिसत नाही. जागा असली तरी मागे थांबा. दोन सिग्नल गेले तरी चालतील.

तिरपागडा:
मी फुटपाथवरून चालवतो. बस फुटपाथवर चढत नाही. (दुचाक्या चढतात.)

मावशी६२:
तिरपागडा, त्या फुटपाथवर मी चालत असते. माझ्या मागून बिनआवाजाची सायकल आली की मला तुझ्या बसइतकंच दचकायला होतं.

ब्रेकफेल:
शिवाय फुटपाथ सुरक्षित नुसता वाटतो. प्रत्येक फाटकातून बाहेर येणारी गाडी रस्त्याकडे बघत असते, फुटपाथवरून ताशी पंधराने येणाऱ्या सायकलकडे नाही. उलट्या बाजूने चालवणाऱ्यांचंही तेच. 'समोरून येणारं दिसतं' म्हणतात, पण वळणारा माणूस त्या दिशेला बघतच नाही. फुटपाथवर जायचंच असेल तर उतरा. हातात सायकल धरून चालणारा माणूस बहुतेक ठिकाणी पादचारीच. एकदिशा रस्त्याचे दीडशे मीटर असे चालून काढले तर किती मार्ग मोकळे होतात बघा. दोन मिनिटं जातात.

रिमझिम:
हे 'उतरायचं' माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उतरले म्हणजे हरले असं वाटायचं.

शंकासुर:
चौकात मला वळताच येत नाही. वाहतूक कापून पलीकडे जायचं म्हणजे हात दाखवा, मागे बघा, मधल्या रांगेत शिरा... तोवर माझा तोल जातो.

नकाशेवाला:
तर मग नकाच शिरू. सरळ चौक पार करा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबा, सायकल फिरवा आणि पुढचा सिग्नल सुटला की त्या वाहतुकीबरोबर सरळ जा. दोन टप्प्यांत वळण. डेन्मार्कमध्ये सिग्नलच्या चौकात सायकलने असंच वळायचं असा नियम आहे, म्हणजे हे भित्र्यांचं काम नव्हे.

सलग_पंक्चर:
सगळं वाचलं. राग येतोय. हे सगळं आपणच का करायचं? जाळ्या आपण बघायच्या, दारं आपण चुकवायची, बेटं आपण जोडायची. रस्ते बांधणाऱ्यांनी काय करायचं?

नेदरलँड्समध्ये लोक जन्मजात सायकलवाले नव्हते. १९७१ साली तिथे रस्त्यांवरच्या अपघातांत ३,००० हून जास्त माणसं गेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईत तिथे रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या आणि लोकांना रिकामा रस्ता कसा दिसतो ते कळलं. आज जो सायकलस्वर्ग दाखवतात तो त्यानंतरचा. कोलंबियातल्या बोगोतात डिसेंबर १९७४ पासून सिक्लोव्हिया चालू आहे. रविवारी सकाळी ७ ते दुपारी २, शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद. स्पेनमधल्या सेव्हियात २००६ नंतरच्या चार-पाच वर्षांत सुमारे १२० किलोमीटर वेगळे काढलेले सायकलमार्ग झाले, आणि तेही एकमेकांना जोडलेले. इच्छा असली की होतं.

रिमझिम:
पूर्ण सहमत, सह्या कुठे करायच्या सांगा, करते. पण मला येत्या रविवारी मुलाला घेऊन जायचंय.

सलग_पंक्चर:
हम्म. बरोबर आहे तुमचं. मग एक कामाचं सांगतो: रविवारी ऑफिसांचा भाग किंवा कारखान्यांची वसाहत. आठवडाभर जिथे श्वास घेता येत नाही तिथे सुट्टीच्या दिवशी रुंद, सपाट, रिकामे रस्ते असतात. मी मुलीला तिथेच शिकवलं. फक्त कारखान्यांकडे रस्त्यात लोखंडाचा चुरा, तारांचे तुकडे पडलेले असतात. माझं इथलं नाव उगीच नाही.

पोटलीबाबा:
मोठी विद्यापीठं, संशोधन संस्थांची आवारंही. फाटकावर विचारून घ्यायचं. आत वेग मर्यादित, झाडं भरपूर. नदीकाठच्या नि कालव्याकडेच्या वाटा सगळ्यात छान, कारण पाण्याकडच्या बाजूने गाडी येऊच शकत नाही, म्हणजे अर्ध्या चौकांची कटकट संपली.

वाऱ्यावरची:
नदीकाठचं एक बाईमाणूस म्हणून सांगते. दिवसा स्वर्ग. अंधार पडायला लागला की तीच वाट नको होते, कारण दोन किलोमीटर बाहेर पडायला फाटाच नाही आणि कुणाची खिडकीही तिकडे उघडत नाही. गाडी नाही म्हणजे सुरक्षित, हे पुरुषांचं गणित आहे. मी दोन मार्ग ठेवलेत. उजेडात पाण्याकडेने, अंधारात घरांच्या आणि उघड्या दुकानांच्या गल्लीतून, जरा गर्दी असली तरी. पुढे पांढरा, मागे लाल दिवा. मागचा मी दिवसाही लावते.

मावशी६२:
वाऱ्यावरची, लाख बोललीस.

पहाटवारा:
हा विचार मी कधी केलाच नव्हता. माझा 'पहाटे पाचचा' सल्ला आता मलाच वेगळा वाटतोय.

पोटलीबाबा:
बागेतल्या चकरांबद्दल कुणी लिहिलं नाही. मुलाला आठवडाभर ठीक. नंतर त्याला कंटाळा येतो, आणि चालायला आलेल्या आजोबांना तुमचा. त्यापेक्षा कुठेतरी पोचायचं ठेवा: वाचनालय, मित्राचं घर, तळं. पोचायचं असलं की मुलं दमत नाहीत.

ब्रेकफेल:
मुलाबरोबर जाताना त्याला पुढे ठेवा आणि तुम्ही त्याच्या मागे, थोड्या वाहतुकीच्या बाजूला. मागून येणारा तुम्हाला वळसा घालेल, त्यात मुलालाही जागा मिळते. आणि 'गाडी लांब आहे, जाऊ का' हे त्याला ठरवू देऊ नका. मुलं अंतर बघतात, वेगाचा अंदाज त्यांना नीट येत नाही.

नकाशेवाला:
एक राहिलंच. समांतर गल्लीतून गेलात तर लांब पडेल, पण हवाही बरी असते. धूर ओकणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत गेलं की काजळीचे कण भराभर कमी होतात. पायडल मारताना आपण बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत घेतो, तेव्हा ती कुठली घ्यायची ते बघा. मी घर ते ऑफिस सरळ ५ किलोमीटर सोडून ६.५ किलोमीटरने जातो. वेळ जवळपास तेवढाच लागतो, कारण चार सिग्नल कमी.

(तीन आठवड्यांनंतर)

रिमझिम:
मंडळी, वृत्तांत देते.
लाल पेनाचा प्रयोग केला. माझं बेट माझ्या समजुतीपेक्षा मोठं निघालं. घरापासून पोस्टापर्यंत एकही लाल रेघ न ओलांडता जाता येतं हे इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं, कारण रिक्षा नेहमी मोठ्या रस्त्यानेच जाते. दोन वसाहतींमधल्या भिंतीला एक फट आहे, हँडल तिरकं केलं की सायकल निघते. पलीकडे बकुळीची झाडं असलेली एक गल्ली आहे, तिथे गाड्या शिरत नाहीत कारण शेवटी तीन लोखंडी खुंट आहेत.

पुलाचा चढ टाळता येणार नाही असं वाटलं होतं. पायी जाऊन पाहिलं, पूल सोडून खालून रेल्वेचा बोगदा निघाला. पावसात त्यात घोटाभर पाणी साचतं असं तिथल्या चपला शिवणाऱ्या काकांनी सांगितलं, म्हणून पावसाळ्यात काय ते बघू. एकूण ७ किलोमीटरचा फेरा जमलाय, त्यात दोनदा उतरते.

फजिती पण सांगते. पहिल्याच दिवशी संध्याकाळी सहाला गेले. मावशींनी बजावलं होतं तरी. एका क्लासच्या दारात शंभर पोरं आणि त्यांच्या तितक्याच दुचाक्या, वीस मिनिटं तिथेच उभी. आता पाचला जाते.

रविवारी मुलाला ऑफिसांच्या भागात नेलं. अडीच तास परत यायला तयार नव्हता. त्याला सगळ्यात आवडलं ते पार्किंगमधल्या पिवळ्या रेघांवरून चाक ढळू न देता चालवणं. तोल सुधारायला बरं असेल बहुधा.

एक चौक मात्र अजून सुटलेला नाही. सिग्नल इतका थोडा वेळ सुटतो की दोन टप्प्यांत वळायचं तर दुसऱ्या टप्प्यावर चांगली चार मिनिटं उभं राहावं लागतं, आणि उभं राहायच्या जागी रिक्षा थांबतात. कुणाला काही सुचतंय का?

तिरपागडा:
रिक्षात सायकल टाका.

मावशी६२:
झेब्रा क्रॉसिंगवरून उतरून जा बाई, आणखी दोन महिने. नंतर सवयीने कळेल.

सलग_पंक्चर:
रविवारी चाकात काही शिरलं नाही ना?

रिमझिम:
शिरलं. मागच्या चाकात, स्टेपलची पिन. फोटो टाकते, तुम्हाला ओळखीची वाटेल.